गैरहजेरी

आमची मुले शाळेत जात नाहीत, असे म्हटले की ऐकणारा आधी मुलांकडे पाहतो आणि मग माझ्या चपलांकडे. मुले नापास झाली असावीत किंवा फी थकली असावी. तिसरे कारण त्याला सुचतच नाही. मग मी जॉन होल्टपासून सुरुवात करतो. या अमेरिकन शिक्षकाने 1977 साली मुलांना शाळेत न घालणाऱ्या पालकांसाठी चक्क एक नियतकालिक काढले. मूल आपले आपण शिकतच असते, मोठ्यांनी लुडबुड करू नये, असे त्याचे म्हणणे. "ते ठीक आहे हो, पण दहावीचं काय?" समोरचा विचारतो. ओपन स्कूलमधून परीक्षा देता येते, हे मी सांगेपर्यंत तो जिना उतरलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मूत्रपिंडांनीही शाळा सोडली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास डायलिसिस. आत्या म्हणाली, "आता तरी पोरांना शाळेत घाल रे! तुझंच धड नाही, त्यांच्याकडे कोण बघणार?" मी ऐटीत म्हणालो, "आत्या, हेसुद्धा शिक्षणच आहे."

आणि होतेही. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात, हे मला अकरा वर्षांच्या थोरलीने सांगितले. पोटॅशियम म्हणजे काय, हे धाकट्याला माझ्या वाटणीच्या शहाळ्यावरून कळले. ते आता तो पितो. मला दिवसाला मिळणारे लिटरभर पाणी थोरली मापून भांड्यात ठेवते. माझे वजन वहीत लिहिते, वजाबाकी करते आणि दोन डायलिसिसांमध्ये ते फार वाढले की रागावते. इतक्या कडक बाई मला शाळेतही लाभल्या नव्हत्या. आल्या-गेल्याला मी ती वही कौतुकाने दाखवीत असे.

एकदा धीर करून तिला विचारले, "तुला शाळेत जायचंय का गं?"

"चालेल," ती म्हणाली, "पण मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडून."

त्या रात्री झोप लागली नाही. ज्या हजेरीपटातून मुलीला सोडवले म्हणून मी फुशारकी मारीत होतो, त्याहून मोठा हजेरीपट माझ्याच खाटेला टांगलेला होता. शाळेला निदान दिवाळीची सुट्टी तरी असते! घरातल्या आजारपणातून मूल शिकते, हे खरे. पण बापाला आपणच जगवतो आहोत, असे त्याला अकराव्या वर्षी वाटू लागावे, याला शिक्षण म्हणायचे की बापाची सोय? शाळा नाही म्हणजे स्वातंत्र्य आले, असा मी सोपा हिशेब मांडला होता. मुलाला जिथून निर्धास्तपणे उठून जाता येत नाही, ते घर असले तरी शाळाच.

सकाळी मी वही मागून घेतली. ती भांडली, रडली. शनिवारी तिला मावशीबरोबर सिंहगडावर पाठवले. जाताना तीनदा मागे वळली. संध्याकाळी धुळीने माखून आली, पिठलं-भाकरीच्या आणि घसरून पडल्याच्या गोष्टी सांगता सांगता झोपून गेली. माझे वजन विचारलेच नाही.

मला जरा रागच आला. तो गिळायला दोन घोट पाणी लागले. भांड्यात किती उरले ते पाहून आकडा मीच वहीत लिहिला.