उंबर आणि बाभळ

निवृत्तीनंतर गावच्या तीस गुंठ्यांत लक्ष घातले. शेजारी म्हणाले, "अण्णा, बांधावरचा उंबर काढू. सावलीत चार ओळी ज्वारी खुरटते. लाकूड निम्मे-निम्मे."

"नाही हो," मी म्हणालो. वाडीला औदुंबरातळीच्या पादुकांवर डोके ठेवायचे आणि इथे करवत लावायची?

रात्री मात्र झोप लागेना. तारेचे कुंपण घालताना त्याच बांधावरच्या तीन बाभळी आणि निर्गुडीची वई मीच काढायला लावली होती. हिशेब पक्का केला होता! पहिल्याच वळवात बांध फुटला, माती ओढ्याला गेली. मुळांनी धरलेली माती खातेवहीत कुठे जमा दिसते? बाभळीला कुणी प्रदक्षिणा घालत नाही, म्हणून काही वाटलेच नाही. अवधूतांनी पृथ्वीला गुरू केले, तिच्यावरच्या डोंगर-झाडांकडून परोपकार घेतला. अमुकच झाड, असे भागवतात नाही. मग मी उंबर जपला तो भक्तीने, की देवाच्या धाकाने? धाकानेच, असे वाटते.

शेजाऱ्यांचे नुकसानही खरेच. खालच्या फांद्या छाटायला हो म्हटले. पावसाळ्यात तारेकडेने निर्गुडीच्या काड्या खोचल्या. बाभळीचे बी शेजाऱ्यांनीच दिले, गोठ्यातले. शेळीच्या पोटातून आलेले लवकर उगवते म्हणे.