कुराकाची यादी

साल साधारण 1600, तितिकाका सरोवराकाठचा चुकुइतो प्रांत. कुराका, म्हणजे तिथला वंशपरंपरागत प्रमुख, मांडीवर किपू, म्हणजे गाठींच्या दोऱ्यांची नोंद, घेऊन बसला आहे. एकेका दोरीला एकेका वस्तीतल्या माणसांच्या गाठी. समोर त्याची म्हातारी आई गोठवून सुकवलेले बटाटे पोत्यात भरते आहे; पोतोसीच्या चांदीच्या खाणीकडे मितावर, म्हणजे पाळीपाळीच्या सक्तीच्या मजुरीवर, निघणाऱ्यांचा तो शिधा. मायलेक माझ्या कल्पनेतले, त्यांच्यापुढचा पेच मात्र इतिहासातला.

आई : त्या विधवेच्या पोराला धरलंस?

कुराका : धरलं.

आई : दोनच वर्षांपूर्वी जाऊन आलाय तो. सात वर्षांतून एकदा पाळी, असं ठरलं होतं ना?

कुराका : व्हाइसरॉय तोलेदोनं मिता बसवली तेव्हा माणसं होती. मग देवी आल्या, गोवर आला. माणसं मेली, आकडा तेवढाच राहिला.

आई : मग रात्रीतून निघून जाऊ दे त्याला. परक्या गावात जमीन नसेल, पण खाणही नसेल.

कुराका : आणि त्याची जागा कोण भरेल? शेजारचा. किंवा मी चांदी मोजून बदली माणूस घ्यायचा. मागच्या खेपेला त्यापायी माझे लामा विकले. आकडा भरला नाही, तर कोरेखिदोर, तो स्पॅनिश अंमलदार, मला कोठडीत टाकतो.

आई : टाकू दे.

कुराका : मग या जागी दुसरा बसेल. कुणाच्या घरी तान्हं आहे, कुणाची छाती खोकून पिंजली आहे, हे त्याला ठाऊक नसेल.

आई : तुला ठाऊक आहे, म्हणून काय झालं? कोण कुठं लपतो, हेही तुलाच ठाऊक. तुझ्यामुळं तर त्यांची यादी चुकत नाही.

इथे कुराका गप्प होतो, आणि खरं सांगायचं तर मीही होतो. 'मी आहे म्हणून निदान कमी वाईट होतंय' या युक्तिवादाला मी अजून पक्कं उत्तर ऐकलेलं नाही. आईचं उत्तर त्याच्या सर्वांत जवळ जातं.

कुराका : मिता काही स्पेननं आणलेली नाही. आजोबाही माणसं पाठवायचे, इंकाकडे.

आई : पाठवायचे. पण तिथं इंकाच्या कोठारातला मका मिळायचा, चिचाची दारू मिळायची. माघारी भाऊबंद शेत कसायचे. आता बायकापोरंही सोबत जातात. मागं शेताला कुणी उरत नाही. चामड्याच्या शिड्या, अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती, पाठीवर दगड. चांदी राजाची, शिधा आपला.

(ती म्हणते ते अतिशयोक्तीचं नाही. चुकुइतोहून निघालेला असा तांडा एका जेझुइट पाद्र्याने पाहिला होता : बायकापोरांसह सुमारे 7000 माणसं, बरोबर 30000 हून अधिक जनावरं, वाट दोन महिन्यांची.)

आई : तुझ्या थोरल्याची गाठ कुठे दिसत नाही यात.

कुराका : कुराकाच्या थोरल्याला माफी आहे.

आई : कुणी दिली?

कुराका : त्यांनीच.

आई : मग तू आमचा की त्यांचा?

कुराकाला मी खलनायक म्हणणार नाही. कुणाला पाठवायचं, एवढंच ठरवायचं त्याच्या हाती होतं. का पाठवायचं, हा प्रश्न त्याच्यापर्यंत येऊच दिला नव्हता. पण थोरल्याची माफी त्याने घेतली होती आणि विधवेच्या मुलाची गाठ त्यानेच मारली होती. तेवढा दोष त्याचाच.

पुढे काही कुराकांनी तो अडवलेला प्रश्न विचारला. होसे गाब्रिएल कोंदोरकांकी हा त्यांतलाच एक. आपल्या लोकांना पोतोसीच्या मितातून सोडवा, अशी दाद मागायला तो 1777 मध्ये लिमाला गेला आणि हात हलवत परतला. 1780 मध्ये त्याने शेवटच्या इंका राजाच्या नावाने, दुसरा तुपाक अमारू म्हणून, बंड पुकारलं, आपल्या प्रांतातल्या कोरेखिदोरला फाशी दिली. 1781 मध्ये कुस्कोच्या चौकात त्याला हालहाल करून मारण्यात आलं. मिता त्यानंतरही चालूच राहिली. स्पेनच्या कादिझ इथल्या संसदेने ती रद्द केली 1812 मध्ये.