पात्र कोण, अपात्र कोण?

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर या गावाच्या नावातच एक पीर वसलेला आहे. तेथील दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर नाना जातिधर्मांचे लोक आपापले मागणे घेऊन जातात. दाराशी आलेल्याला तेथे कोणी पात्रतेचा दाखला मागत नाही. याच गावातील एका पदवीधर मुलीने आपला एक अर्ज अलीकडे भाषा तपासण्यासाठी आमच्याकडे आणला आणि पात्रता या शब्दाने आमच्या मनात ठाण मांडले.

अर्ज होता समाजसेवेच्या क्षेत्रातील एका पाठ्यवृत्तीसाठी. सेवेचे रीतसर शिक्षण आपल्याकडे नवे नाही. १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था उभी राहिली. १९५५ साली धर्मभगिनींनी निर्मला निकेतन महाविद्यालय सुरू केले. पुढे पदवीधरांना थेट कामात उतरवणारे उपक्रम आले. गडचिरोलीच्या डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ साली 'निर्माण' सुरू केले. 'टीच फॉर इंडिया'ची पहिली तुकडी २००९ साली मुंबई-पुण्याच्या वर्गांत शिकवू लागली. २०११ पासून स्टेट बँकेच्या योजनेतून तरुण तेरा महिन्यांसाठी खेड्यांत जाऊ लागले. अशा ठिकाणी अर्ज करावा लागतो, प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावी लागतात, मुलाखत होते आणि मगच निवड होते.

या मुलीच्या अर्जात प्रश्न होता : तुम्हांला समाजासाठी काम करावेसे का वाटते? उत्तरात तिने आपल्या शेजारच्या घराविषयी लिहिले होते. सोयाबीन हातचे गेले, कर्ज थकले आणि एका पहाटे त्या घरातील कर्त्या पुरुषाने आपले जीवन संपवले. परिच्छेद उत्तम उतरला होता. वाचताना आमचेही डोळे पाणावले. परंतु तोच परिच्छेद तिला खुपत होता. "काकूंच्या दुःखावर माझी निवड झाली, तर ते बरोबर होईल का?" असे तिने आम्हांला विचारले.

वाचकहो, आमच्या ओठांवर आधी सोपे उत्तर आले. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग आपल्या कळवळ्याची जाहिरात अर्जात कशाला? पण थोडा विचार केल्यावर हे उत्तर अपुरे वाटले. संस्थेला शेकडो अर्जांतून मोजकी माणसे निवडायची असतात. न विचारता कोणालाही खेड्यात धाडले, तर त्याची किंमत खेडेच मोजणार. तेव्हा विचारणे हा संस्थेचा दोष नव्हे, आणि सांगणे हा उमेदवाराचा अहंकार नव्हे. मानधनाची गरज असणे हेही पाप नव्हे. द्राक्षमळ्यातील मजुरांनाही संध्याकाळी मजुरी मिळाली होती. "मला काम हवे आहे, आणि ते माणसांच्या उपयोगी पडणारे हवे आहे," असे सरळ लिहिणारा उमेदवार आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतो. आपले मन आपण उघडे करू शकतो, कारण ते आपले आहे. शेजाऱ्याचे दुःख मात्र आपले नसते.

आणि येथेच आम्हांला दुसऱ्या एका अर्जाची आठवण झाली. त्या शेजारच्या घरानेही एक अर्ज भरला होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचा निर्णय राज्य शासनाने २००६ साली घेतला : तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. त्यासाठी जमिनीचा सातबारा लागतो, कर्जाचे कागद लागतात, परतफेडीचा तगादा दाखवावा लागतो. मग समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. म्हणजे एकाच गल्लीत दोन बायका कागद भरत होत्या. एकीला सेवा करण्यासाठी आपला चांगुलपणा सिद्ध करायचा होता. दुसरीला साहाय्य मिळवण्यासाठी आपले दुःख सिद्ध करायचे होते. त्यातही दुसरीचे दुःख पहिलीच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून वापरले जाणार होते!

प्रत्येक मिस्सामध्ये प्रभुभोजनाला जाण्यापूर्वी आपण सगळे आपली अपात्रता मुक्तकंठाने कबूल करतो. त्यानंतर कोणी आपल्याला परत पाठवत नाही. उलट मेजाकडे बोलावतो. जगातील कारभार असा चालणार नाही, हे आम्ही जाणतो. निधी थोडा असतो, मागणारे पुष्कळ असतात, निकष लावावेच लागतात. पण निकष लावणाऱ्याने आणि निकषांत बसणाऱ्याने एवढे तरी स्मरावे की, कागदावरची पात्रता ही माणसाची किंमत नव्हे.

आम्ही त्या मुलीला एवढेच सुचवले : परिच्छेद ठेवायचा की नाही, हे आम्हांला विचारू नकोस. ज्यांचे दुःख आहे, त्यांना विचार. ती गेली. काकूंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "लिहायचं तं लिही पोरी, पण माह्यं नाव टाकू नको. आन् तुले काम भेटलंच, तं कागद घेऊन आमच्या दारात ये. आमाले कागदासाठी फिरवू नको."

आपल्या तीन वाक्यांत त्या माउलीने सेवाभावी संस्थांची सारी नियमावलीच सांगितली, असे आम्हांला वाटते. दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला त्याचे गाव विचारले नाही, की स्वतःचे नाव सांगितले नाही. पण त्याने खाणावळवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवली, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना चुकता करीन, असा शब्द दिला. सेवेला संस्था लागते, पैसा लागतो, हिशेब लागतो, हे त्यालाही ठाऊक होते. परंतु त्याने हिशेब स्वतःच्या माथी घेतला. घायाळ माणसाच्या माथी मारला नाही.

मुलीने परिच्छेद काढून टाकला. त्या जागी तिने लिहिले : वारस-नोंदीसाठी आणि साहाय्यासाठी लागणारे कागद लोकांच्या घरी जाऊन भरून द्यावेत, असे काम मला शिकायचे आहे. नवा मजकूर आधीच्याइतका हृदयस्पर्शी नव्हता. त्यात आम्ही एका शब्दाचीही दुरुस्ती केली नाही. निकाल यायचा आहे. दरम्यान काकूंच्या वारस-नोंदीचा कागद तिने त्यांच्या ओसरीवर बसून भरून दिला आहे. त्यासाठी तिची निवड कोणी केली नव्हती.