फांदीवरचा बिबट्या

आफ्रिकेतला बिबट्या शिकार झाडावर ओढून नेतो, कारण खाली सिंह नि तरस टपलेले असतात. म्हणून तिथले फोटो फांदीवरचे, ऐटदार. आपल्याकडे जुन्नर वनविभागातल्या कळंबच्या शिवारात ना सिंह, ना वाघ. धरणांचं पाणी आलं, ऊस फोफावला, बिबट्यानं उसातच बिऱ्हाड थाटलं. इथं तो दिवसाढवळ्या झाडावर दिसला, तर बहुधा खाली मोबाईल उंचावलेल्या माणसांचा गलका असतो. त्याला कसली ऐट म्हणायची!

मला आवडतो तो याच वनविभागातला दुसराच फोटो. ऊसतोडणीत सापडलेली पिल्लं संध्याकाळी त्याच जागी क्रेटखाली ठेवतात, स्वयंचलित कॅमेरा लावतात आणि माणसं निघून जातात. अंधारात मादी येते, क्रेट उलथवते, पिल्लू तोंडात धरून नेते. बघे रेंगाळले तर ती फिरकत नाही; दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप.