बोर, हलवा आणि काटा

सूर्य मकर राशीत प्रवेश करतो त्या दिवशी, जबलपूर-नागपूर रस्ता जिथे नर्मदा ओलांडतो त्या तिलवारा घाटावर स्नानाची जत्रा भरते. घाटाच्या नावाचा संबंध लोकश्रद्धेने तिळाशी जोडला असल्यामुळे त्या दिवसाचा पहिला मान साहजिकच तिळाला मिळतो. तिळाचे उटणे, तिळाच्या पाण्याने स्नान, तिळाचा होम, तर्पण, भोजन आणि दान असे त्याचे सहा उपयोग धर्मशास्त्राने सांगितले आहेत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागावर १७९८ पासून १८१७ पर्यंत होता, आणि जबलपुरात मराठी कुटुंबे त्यानंतरही नांदत आली. अशा मराठी घरात संक्रांतीला सुगड पुजले जाते, म्हणजे मातीच्या लहान घटात त्या ऋतूचे नवे पीक भरून ते देवापुढे मांडले जाते. त्यात ऊस, गाजर आणि हरभऱ्याचे घाटे यांच्या जोडीला बोर असते. ऊस, गाजर आणि हरभरा माणसाने पेरलेले असतात, पण बोर बहुधा कुणी न लावता बांधावर उगवलेल्या काटेरी झाडाचे असते. त्यामुळे धर्मविचाराच्या दृष्टीने विचारण्याजोगा प्रश्न असा आहे की, रक्त काढणाऱ्या झाडाचे फळ मंगल कसे मानले गेले, आणि त्या मांगल्यात काट्याला काही स्थान आहे की काटा विसरूनच फळ स्वीकारले जाते.

हा प्रश्न युरोपलाही पडला होता. तिथल्या हिवाळ्यात बहुतेक झाडे उघडी पडतात तेव्हा हॉली नावाचे झाड हिरवे राहते, त्याच्या पानांच्या कडांना टोकदार काटे असतात आणि फांद्यांवर लालभडक फळांचे घोस टिकून असतात. ख्रिस्ती परंपरेने या झाडात येशूच्या कथेची खूण पाहिली: पानांचे काटे म्हणजे क्रूसावर चढवण्यापूर्वी त्याच्या मस्तकावर घातलेला काट्यांचा मुकुट, आणि लाल फळे म्हणजे त्याच्या रक्ताचे थेंब. म्हणून नाताळात दारावर आणि वेदीजवळ हॉलीच्या फांद्या लावल्या जातात. हॉलीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फळ फक्त मादी झाडाला येते आणि त्यासाठी जवळपास नर झाड असावे लागते. शिवाय ही फळे माणसाला विषारी असून पक्ष्यांना मात्र चालतात. हॉलीचे प्रतीक डोळ्यांसाठी आहे, जिभेसाठी नाही, हा फरक लहान नाही. नर्मदेच्या उष्ण खोऱ्यात हे झाड नैसर्गिकपणे वाढत नाही, त्यामुळे इकडच्या नाताळात ते बहुधा कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या पानांतून दिसते.

मात्र ज्या भूमीत येशूची कथा घडली तिथला काटा हॉलीचा नव्हता. परंपरेने त्या मुकुटाशी जोडलेल्या झाडांपैकी एक आपल्या बोराच्या कुळातले आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव, झिझिफस स्पिना-ख्रिस्ती, म्हणजे ‘ख्रिस्ताचा काटा’ असेच आहे. अरबीत बोराच्या या जातकुळीला ‘सिद्र’ म्हणतात. कुराणात सर्वोच्च सीमेवरच्या सिद्र वृक्षाचा उल्लेख आहे, आणि स्वर्गातल्या बागेचे वर्णन करताना तिथले सिद्र काटे नसलेले आहेत असे सांगितले आहे. एकाच कुळातल्या झाडाबद्दलची ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. एका परंपरेने काटा देवाच्या पुत्राच्या मस्तकावर ठेवून त्याला दुःखाची खूण केले, तर दुसरीने परिपूर्ण सुखाच्या ठिकाणी काटाच काढून टाकला. हिंदू परंपरेतही बोर थेट देवापर्यंत पोचलेले आहे. बद्रीनाथाच्या नावातली ‘बदरी’ म्हणजे बोरीच, आणि तप करणाऱ्या विष्णूवर सावली धरण्यासाठी लक्ष्मी बोरीचे झाड झाली अशी कथा सांगतात, जरी त्या उंचीवरच्या थंडीत आपली बोर वाढत नाही.

बोराविषयीची सर्वांत परिचित कथा शबरीची आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. वाल्मीकींची शबरी रामासाठी रानातले पदार्थ गोळा करून ठेवते आणि तुलसीदासांची शबरी कंद, मुळे, फळे देते, पण चाखून पाहिलेल्या उष्ट्या बोरांचा प्रसंग या दोन्ही ग्रंथांत नाही. तो पुढच्या भक्तिपरंपरेने घातला. तो मूळचा नाही म्हणून कमी मोलाचा ठरत नाही, उलट परंपरेला काय म्हणायचे होते ते त्यातूनच कळते. उच्छिष्ट, म्हणजे तोंड लावलेले अन्न, देवाला वर्ज्य असते. पण रानबोरातले कोणते गोड आणि कोणते आंबट हे चाखल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, म्हणून भक्ताची काळजी आणि शुचितेचा नियम एकमेकांसमोर उभे राहतात आणि कथा निःसंकोचपणे काळजीच्या बाजूने निकाल देते. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ किंवा पाणी भक्तीने दिलेले असले की स्वीकारले जाते असा जो विचार आहे, तो इथे आणखी एक पाऊल पुढे जातो.

मराठी घरातले या प्रश्नाचे उत्तर मात्र ग्रंथात नसून बोरन्हाणात आहे. संक्रांतीपासून माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत, घरातल्या लहान मुलाला काळे झबले घालून पाटावर बसवतात, त्याच्या अंगावर हलव्याचे दागिने चढवतात, औक्षण करतात आणि बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा असे सगळे त्याच्या डोक्यावरून ओततात. जमिनीवर पडलेले फळ एरवी पूजेला चालत नाही, इथे मात्र पडणे हाच विधी आहे, आणि भोवतालची मुले ते वेचून खातात. त्या दागिन्यांचा हलवा कसा होतो ते पाहिले तर काट्याचा विचार पूर्ण होतो. मंद आचेवरच्या परातीत तीळ घेऊन त्यावर साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडत बोटांनी सतत हलवत राहावे लागते, तेव्हा कुठे प्रत्येक दाण्याला बारीक टोके फुटतात. या टोकांना मराठीत ‘काटा’ हाच शब्द आहे, आणि ज्याला काटा आला नाही तो हलवा फसला असे समजतात. म्हणजे तिलवाऱ्याचा तीळ आणि बांधावरची बोर या विधीत मुलाच्या अंगावर एकत्र येतात, आणि घर काटा काढून टाकत नाही किंवा त्याला दुःखाची खूणही करत नाही, तर तो साखरेत, चटके सोसत, स्वतःच्या हाताने घडवून मुलाला दागिना म्हणून घालते. काट्याच्या तिन्ही उत्तरांत हे सर्वांत धीराचे आहे, कारण थंडी, उणीव आणि बोचरेपणा यांतूनच वाढायचे आहे हे ते मुलाला न घाबरवता सांगते.

या विधीला जे झाड लागते त्याची निगाही अवघड नाही. बोरीच्या पानाच्या बुडाशी बहुधा काट्यांची जोडी असते, त्यांतला एक सरळ आणि दुसरा वाकडा असतो, म्हणून आत गेलेला हात सहज सुटत नाही. मूळ खोल जात असल्याने झाड कमी पाण्यावर जगते, आणि गावठी रोपावर चांगल्या जातीचा डोळा भरून उमराण किंवा जळगावच्या मेहरूणसारखी फळेही घेता येतात. फळमाशी आणि भुरी यांकडे तेवढे लक्ष ठेवावे लागते. बोरीला फूल आणि फळ त्या वर्षीच्या नव्या फुटीवरच येते, म्हणून फळे संपून उन्हाळ्यात पाने गळली की छाटणी करावी लागते. पण सोसायटीच्या आवारात किंवा नव्या रस्त्याकडेला ही झाडे काट्यांमुळेच सर्वांत आधी तोडली जातात, आणि मग बोरन्हाणासाठी बाजारातून पाव किलो बोरे आणली जातात. ज्यांच्या अंगणात, बांधावर किंवा शाळेच्या कुंपणाला अजून बोरीचे झाड उभे आहे, त्यांनी ते तोडू नये, एप्रिल-मे महिन्यात त्याची छाटणी करावी, आणि पुढच्या पौषात पहिली ओंजळ सुगडासाठी मुलांनाच वेचायला लावावी.