अजाणत्या पापाचा धनी

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता महामार्गाला जेथे छेदतो, त्या कडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १८ ऑक्टोबर २०२१ रोजी पहाटे एका पॅकेजिंगच्या कारखान्याला आग लागली. दोन कामगार दगावले आणि शंभरांहून अधिक जणांची सुटका करावी लागली. त्या प्रकरणातील दोषादोषाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु डाइंग-प्रिंटिंगच्या मिलींनी गजबजलेल्या आणि खानदेशातून पोटासाठी आलेल्या माणसांनी भरलेल्या या मुलखात अशा अपघातांनंतर हमखास निघणारा एक उद्गार, ‘शेठनं काय मुद्दाम केलं?’, हा वरवर भाबडा वाटला तरी नीतिशास्त्रातील एका बिकट प्रश्नाला हात घालणारा आहे.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माच्या बाह्य फलापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ मानले. ती कसोटी लावली, तर ज्याच्या मनात कोणाचे वाईट नव्हते तो शेठ निर्दोष ठरतो. कायदाही काही अंशी हे मान्य करतो: १९४८ च्या कारखाना कायद्यात, आपण योग्य ती दक्षता घेतली होती आणि कसूर आपल्या नकळत दुसऱ्याने केली, हे सिद्ध करणाऱ्या भोगवटादाराला, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याला, शिक्षेतून सुटण्याची वाट ठेवलेली होती. मात्र १९८५ साली दिल्लीत झालेल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, धोकादायक उद्योगापासून इजा झाल्यास भरपाईच्या बाबतीत ‘माझी कसूर नव्हती’ हा बचाव मुळीच चालणार नाही, असे ठरवले, तेव्हा अनेकांना तो न्याय जुलमी वाटला. मला तो आपल्या घरातलाच वाटतो.

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. सरपणाच्या ढलप्यात दडलेली मुंगी चुलीत जळते, जात्याच्या तोंडाशी आलेला किडा पिठात जातो, आणि स्वयंपाक करणारीला त्याचा पत्ताही नसतो. तरीही त्या हत्येचा दोष गृहस्थाच्या माथी येतो, कारण त्या अन्नावर पोसला जाणारा संसार त्याचा आहे. त्याला खुनी म्हटलेले नाही, चूल विझवायलाही सांगितलेले नाही. त्याच्यावर रोजचे पाच यज्ञ मात्र लादले आहेत. हे क्षालन अपघात घडल्यावर करण्याचे नसून, काही घडो वा न घडो, नित्य करण्याचे आहे, ही त्यातली मर्माची गोष्ट होय. रात्रपाळीला जिन्याचे दार कुलूपबंद नाही ना, बॉयलरची तपासणी केवळ दप्तरात झाली की प्रत्यक्षात, ठेकेदाराने आणलेल्या पोराला आगीत कोठून पळायचे हे कोणी दाखवले का, या नीरस चौकशांना मी कारखानदाराचे नित्यकर्म म्हणतो. (मिलीच्या दारात नारळ फोडण्यावर काम भागवणारे पुष्कळ आहेत, आणि नारळ स्वस्त पडतो.)

पण कंपनीत गृहस्थ कोण? पूर्वी अनेक कंपन्या एखाद्या पगारी अधिकाऱ्याचे नाव भोगवटादार म्हणून पुढे करीत आणि खटला त्याच्या गळ्यात पडे; कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीने ही जागा संचालकासाठीच ठेवली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. संचालकापलीकडे उभा असलेला भागधारक मात्र मोकळाच आहे; त्याचे बुडाले तर भागापुरते बुडते. वाल्या कोळ्याच्या बायकापोरांनी त्याला दिलेले उत्तर, आम्हांला पोसणे हे तुझे काम आणि ते कसे करतोस त्याचे पाप तुझे, हेच येथे सनद होऊन बसले आहे. भांडवल उभे राहण्यासाठी द्रव्याच्या हिशेबात ही सनद हवी, हे मी नाकारीत नाही. परंतु लाभांश जमा झाल्याची चिठ्ठी वाचणाऱ्याने वर्षातून एकदा तरी कंपनीच्या सभेत उठून जिन्याच्या दाराविषयी विचारावे, एवढी अपेक्षा त्याच्याकडून करता येईल. तशी विचारणा झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.