खुनी आधीच कळल्यावर

रहस्यपटाने खुनी कोण हे वेळेआधी सांगून टाकले की पुढचा चित्रपट पाहण्यात राम उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु शेवट ठाऊक असताना माणसाच्या करण्याला काय अर्थ उरतो, हा तत्त्वचिंतनातील जुना प्रश्नच त्या समजाच्या मुळाशी आहे.

शेवट ठाऊक असूनही राम उरतो, हे कीर्तनात दिसते. इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या मावळ भागात हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने, म्हणजे कृष्णाच्या बाललीला सांगून दहीहंडी फोडण्याने होते. देवकीचा आठवा पुत्र कंसाला मारणार हे आकाशवाणीने कृष्णजन्माच्या कितीतरी आधी सांगितलेले असते आणि मांडवातल्या लहान पोरालाही ते ठाऊक असते, तरी कोणी उठून जात नाही. आकाशवाणीने कंसाचा मृत्यू सांगितला, तान्ह्या मुलांची हत्या सांगितली नव्हती. ती त्याची स्वतःची करणी होती, आणि श्रोत्याचा जीव अडकतो तो तिथे. गीतेच्या अकराव्या अध्यायातही भीष्म-द्रोण काळाने आधीच मारलेले आहेत असे सांगून अर्जुनाला ‘निमित्त’, म्हणजे ज्याच्या हातून कार्य घडते पण जो त्याचे मूळ कारण नसतो असा, व्हायला सांगितले आहे. तरीही उपदेश तिथे थांबत नाही. अठराव्या अध्यायात पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे म्हणून निर्णय अर्जुनावरच सोपवलेला आहे.

निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला, गोव्यात घडणारा ‘दृश्यम’ (२०१५) हा हिंदी चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ज्याच्या मृत्यूभोवती कथा फिरते तो मुलगा कोणाच्या हातून व कसा मेला हे प्रेक्षक पूर्वार्धातच पाहतो, त्यामुळे २ आणि ३ ऑक्टोबरला सगळे पणजीला सत्संगासाठी गेले होते हे नायक विजय साळगावकर घरच्यांकडून घोकून घेतो, तेव्हा प्रेक्षकाची नजर धाकट्या मुलीच्या चेहऱ्यावर खिळते आणि ते खोटे टिकावे असे त्यालाही मनापासून वाटू लागते. कोडे सुटल्यावर प्रेक्षक असा त्या पापात वाटेकरी होतो, हे या चित्रपटाचे खरे बळ आहे.

शेवटाकडे विजय मृत मुलाच्या आईवडिलांची क्षमा मागतो, पण मृतदेह कुठे आहे हे सांगत नाही. धर्मशास्त्रात पापमुक्तीच्या उपायांमध्ये अनुतापाबरोबर ‘ख्यापन’, म्हणजे पाप उघड बोलून दाखवणे, सांगितले आहे. केवळ कर्त्यालाच ठाऊक असलेल्या पापासाठी ‘रहस्यप्रायश्चित्त’ असा वेगळा विधीही आहे. विजयचे पाप घरातल्या चौघांना ठाऊक आहे, म्हणून ते गुप्त म्हणता येत नाही. ते पूर्णपणे उघडही केलेले नाही, म्हणून त्या क्षमेची जागा कुठेच निश्चित होत नाही, आणि मुलाला अग्नी देण्याचा आईवडिलांचा हक्क तसाच अडून राहतो. इतका अवघड प्रश्न समोर आणल्यावर चित्रपट लगेच पोलीस ठाण्याच्या फरशीखालच्या मृतदेहाचे रहस्य दाखवतो, प्रेक्षक विजयच्या हुशारीवर खूश होऊन उठतो, आणि उशिरा उलगडलेले हे एकच रहस्य त्या आईवडिलांना त्याच्या मनातून पुसून टाकते.